खाडीत एवढं पाणी येतं-जातं, मग वीज का नाही करत?

मागच्या महिन्यात पुण्याहून गुहागरला गेलो होतो, तेव्हा धोपाव्याच्या जेट्टीवर दाभोळची फेरीबोट यायची वाट बघत होतो. ओहोटी लागलेली, पाणी उतरत चाललेलं आणि खांबांना चिकटलेली कालवं एकेक करून उघडी पडत होती. पुतणी म्हणाली, काका, एवढं पाणी रोज दोनदा येतं नि जातं, मग त्यावर वीज का नाही करत? प्रश्न एकदम बरोबर आहे.

कारण भरतीसारखी वक्तशीर गोष्ट दुसरी नाही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच सरकते. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. वारा कधी पडेल सांगता येत नाही, भरतीचं टाइमटेबल मात्र काही वर्षं आधी छापून ठेवता येतं.

अडतं ते उंचीपाशी. आपल्या मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं ते ५०० मीटरच्या आसपास खाली पडतं, म्हणून थोड्या पाण्यातही भरपूर वीज मिळते. रत्नागिरीकडे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन-तीन मीटर. समजा १ चौरस किलोमीटरची खाडी बांध घालून अडवली आणि फरक २ मीटर आहे, तर एकदा रिकामी करताना जास्तीत जास्त साडेपाच हजार युनिट निघतील, आणि हाच फरक ८ मीटर असेल तर जवळपास ९० हजार! उंची चौपट, वीज सोळापट, कारण पाणीही चौपट साठतं आणि ते पडतंही चौपट उंचीवरून. सगळी गोम इथेच आहे.

म्हणून नजर जाते खंभातच्या आखाताकडे. ते नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, पाणी दाटून वर चढतं आणि फरक ११ मीटरपर्यंत जातो. तिथे ७,००० मेगावॉटची क्षमता आहे असा अंदाज आहे, पण गाळ प्रचंड आणि खर्च त्याहून प्रचंड. सुंदरबनातला ३.७५ मेगावॉटचा छोटा प्रकल्पसुद्धा खर्चामुळेच सोडून द्यावा लागला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जमत नाही असं नाही. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून २४ टर्बाइन फिरतायत, एकूण २४० मेगावॉट. दक्षिण कोरियाचं सिह्वा मला जास्त आवडतं, तिथे समुद्राला बांध आधीच घातलेला होता आणि आतलं पाणी कोंडून घाण झालं होतं, मग २०११ मध्ये त्याच बांधावर २५४ मेगावॉटचं केंद्र चालू केलं, वीजही मिळाली आणि पाणीही खेळतं झालं.

आता तर बांधसुद्धा नको अशी टर्बाइन आलीत. स्कॉटलंडच्या उत्तरेला मेजेन प्रकल्पात समुद्रतळावर दीड-दीड मेगावॉटच्या चार पवनचक्क्याच जणू उभ्या केल्यात. पाणी हवेपेक्षा आठशे पटीने जड, त्यामुळे पाती लहान असली तरी चालतं. फक्त प्रवाह जोरदार हवा, वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्साच उरते.

दाभोळच्या खाडीत तेवढी ओढ आहे का, ते पुतणीला बघायचंय. पुढच्या खेपेला उधाणाच्या ओहोटीत नारळ सोडून दोन खांबांमधलं अंतर तो किती सेकंदांत कापतो ते मोजायचं ठरलंय.