मारामारी मागं, नाच पुढं

मे 2017चा पहिला आठवडा. सोलापुरात पारा चाळिशीपार आणि गावात एकच विषय: कटप्पानं मारलं कशाला? 'बाहुबली 2' 28 एप्रिलला लागला होता. पूर्व भागात घरोघर तेलुगू बोलतात, तिथं तर तो सिनेमा म्हणजे घरचं कार्यच झालं होतं. त्याच गर्दीत 5 मेला मार्व्हलचा 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी व्हॉल्यूम 2' आला, अंतराळात भटकणाऱ्या एका टोळीचा सिनेमा. भाच्याला घेऊन गेलो, ते खरं सांगायचं तर एसीसाठी. थिएटर निम्मं रिकामं.

सुरुवातीलाच अवकाशातून एक लांबच लांब सोंडांचा राक्षस उतरतो, आपली टोळी त्याच्यावर तुटून पडते. कॅमेरा मात्र वीतभर उंचीच्या झाडाच्या पोराला धरून राहतो. ते स्पीकरची वायर जोडतं आणि गाण्यावर नाचत सुटतं. मागं जीवघेणी लढाई, ती सगळी धूसर. भाचा वैतागला, "मामा, फायटिंग मागं चाललीय की ओ!"

चाललीच होती. पण दिग्दर्शक जेम्स गनच्या डोक्यात आलेली ती नुसती लहर नव्हती. या पात्रांचा इतिहासच असा आहे की मारामारीच्या जोरावर ती कधी चाललीच नाहीत.

ते नाचणारं पोर, ग्रूट, मार्व्हलच्या कॉमिकमध्ये पहिल्यांदा आलं 1960 साली, तेही खलनायक म्हणून. परग्रहावरचा हा वृक्षराजा पृथ्वीवरचं आख्खं गाव उचलून न्यायला येतो आणि मरतो कशानं, तर वाळवीनं! अंगावर वाळवी सोडली, विषय संपला. बोलणारं जनावर रॉकेट रॅकून आलं 1976 साली, टोळीचा म्होरक्या पीटर क्विलही त्याच साली. टोळीतली गमोरा आणि पैलवान ड्रॅक्स ही कॉमिककार जिम स्टार्लिनची सत्तरच्या दशकातली पात्रं. 'गार्डियन्स' हे नाव त्याहून जुनं, 1969चं. पण ती टोळीच वेगळी, एकतिसाव्या शतकातली, आणि त्यातला सिनेमामुळं आपल्या ओळखीचा माणूस एकच, निळ्या कातडीचा योंडू. 2008 साली डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग या लेखकजोडीनं जुनं नाव घेतलं आणि कुणाला फारशी नको असलेली ही पात्रं त्याखाली एकत्र शिवली. आमच्याकडं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तशी.

2014 साली पहिला सिनेमा निघाला तेव्हा स्पायडरमॅन ठाऊक असलेल्या कितीतरी लोकांनी ही नावं ऐकलीही नव्हती. नाव बघून कुणी तिकीट काढणार नव्हतं, त्यामुळं माणसं स्वभावावरच उभी करणं भाग होतं. आईनं दिलेली गाण्यांची कॅसेट जिवापाड जपणारा चोर क्विल, उपमा अक्षरशः घेणारा पैलवान, शब्द तीनच असलेलं झाड. हे चाललं, जगभरात सुमारे 77 कोटी डॉलरचा गल्ला झाला. आता पुढच्या भागात काय करायचं? धंद्याचा नेहमीचा हिशोब म्हणजे खलनायक मोठा, स्फोट जास्त, ग्रह जास्त. गननं या वेळी पटकथा एकट्यानं लिहिली आणि उलटंच केलं. टोळी दोन ठिकाणी फोडली आणि बराचसा वेळ बसून बोलण्यात, भांडण्यात घालवला. खलनायकही टोळीच्या घरातलाच निघाला.

कॉमिकमध्ये क्विलचा बाप एका अंतराळी साम्राज्याचा राजा. गनला तो नको होता. त्यानं बाप केला ईगोला, म्हणजे 1966 साली 'थॉर'च्या अंकात अवतरलेल्या जिवंत ग्रहाला. ग्रहच बाप! पण अडचण अशी की ईगोचे सिनेमाचे हक्क मार्व्हलकडं नव्हते, फॉक्स या दुसऱ्या सिनेमा कंपनीकडं होते. फॉक्सला त्याच सुमारास आपल्या 'डेडपूल' या सिनेमासाठी एका पात्राच्या शक्ती बदलून हव्या होत्या आणि त्याला मार्व्हलची परवानगी लागत होती. मग अदलाबदल झाली. मंडईत शोभावा असा हा सौदा, आणि त्याच्यावर आख्खी गोष्ट उभी आहे.

गोष्ट तरी कुठली? आपल्याला ती बाळपणापासून पाठ आहे. जन्म देणारा एक, सांभाळणारा दुसरा; वसुदेव आणि नंद. फरक इतकाच की इथला वसुदेवच कंस आहे. ईगोनं हजारो लेकरं जन्माला घातली आणि कामाची न निघालेली मारून टाकली. क्विलला बापाकडं पोचवायचं काम योंडूकडं होतं. त्या चोरानं पोर पोचवलंच नाही, स्वतःकडं ठेवून घेतलं. शिव्या घातल्या, धाक दाखवला, पण वाढवलं. शेवटी पोराला वाचवताना स्वतः गेला. त्याच्यामागं क्विलच्या हाती येतं ते तीनशे गाण्यांचं झून नावाचं यंत्र, योंडूनं त्याच्यासाठी घेऊन ठेवलेलं. 'बाहुबली'च्या माहिष्मतीतही वाढवणारी आई वेगळीच होती म्हणा, पण तिथं त्यासोबत लढाया पोटभर होत्या.

सगळंच जमलंय असं नाही. सोनेरी कातडीच्या लोकांचं उपकथानक मला अजूनही ठिगळ वाटतं. व्हिडिओ गेमच्या दुकानातल्यासारखी बसून विमानं उडवणारी मंडळी एकदा हसवतात, पुन्हा पुन्हा नाही. मधला भागही रेंगाळतो. तरी गल्ला पहिल्यापेक्षा वाढला, सुमारे 86 कोटी डॉलर.

नावांची पाटी सुरू झाली तशी लोकं उठली. खरं तर पाटीच्या मध्ये मध्ये पाच छोटे प्रसंग आहेत. झाडूवाले काका खराटा टेकवून आमच्याकडं बघत उभे राहिले, पण भाचा हलेना. पडद्यावर सिल्व्हेस्टर स्टॅलोन आला आणि योंडूच्या जुन्या साथीदारांना गोळा करू लागला. त्यात एक काचेच्या अंगाचा, एक धिप्पाड.

"हे कोण ओ, मामा?"

"एकोणसत्तर सालचे गार्डियन्स."

"मग यांचा पिक्चर कुठंय?"