कथा-कादंबरीलेखन व प्रकाशन : नाशिक

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील लेखकांनी कथा-कादंबरी लिहिणे, ती छापून आणणे आणि देशात-परदेशात वाचकांपर्यंत पोचवणे, या व्यवहाराची ही नोंद आहे. कुसुमाग्रजांमुळे नाशिक कवितेचे गाव ठरले आणि वसंत कानेटकरांमुळे नाटकाचे. दोघांनीही कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या कादंबऱ्यांसाठी त्यांना फारसे कोणी ओळखत नाही. कथात्म गद्य इथे कायम तिसऱ्या रांगेत बसत आले. नाशिकला लेखक आहेत, वाचक त्याहून जास्त आहेत. पण लेखकाचे नाव करणारी पुस्तके बहुतांशी पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून आली. गावात दोन-चार चांगली प्रकाशनगृहे आज आहेत, तरी हस्तलिखित आधी पुण्याला पाठवून पाहण्याची सवय मोडलेली नाही.

वाचनालय आणि नियतकालिके

या व्यवहाराचा सर्वांत जुना खांब म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक. स्थापना १८४०, गावातल्या लोकांच्या बोलण्यात ते ‘सावाना’. शालिमारजवळचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह याच संस्थेचे. सावानाच्या जिल्हा साहित्यिक मेळाव्यात निफाड, येवला, सिन्नर, कळवणकडचे लिहिणारे एकत्र येतात, आणि पहिल्या पुस्तकाचे कामही बऱ्याचदा तिथल्याच गप्पांतून पुढे सरकते.

मराठी कादंबरीच्या अर्थकारणात वाचनालयांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि वर्गानुसार त्यांना अनुदान मिळते. त्या अनुदानातला ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. परिणामी शासनमान्य ग्रंथांच्या यादीत नाव येणे हा प्रकाशकाच्या दृष्टीने चांगल्या परीक्षणापेक्षा अधिक मोलाचा प्रसंग असतो. लेखकाला हे कळायला बहुधा दोन पुस्तके जावी लागतात. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (१९७२) हा दुसरा मोठा खरेदीदार.

नियतकालिकांत ‘गावकरी’ समूहाचे नाव आधी घ्यावे लागते. दादासाहेब पोतनीसांच्या या वृत्तपत्राबरोबर ‘अमृत’ हे डायजेस्ट पद्धतीचे मासिक आणि ‘रसरंग’ हे साप्ताहिक नाशिकहून निघत असे. नाशिकला बसून महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक चालवता येते, हे ‘अमृत’ने दाखवले. दिवाळी अंकांची प्रथा १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासूनची. कथालेखकाची पहिली परीक्षा आजही दिवाळी अंकातच होते. मे-जूनमध्ये कथा पाठवायची, आणि उत्तर आले नाही तर नकार समजायचा. मानधनाचा विषय लेखकाने काढायचा नसतो, हा या व्यवहारातला सर्वांत जुना आणि सर्वांत चुकीचा संकेत आहे.

बाबूराव बागूल

नाशिकच्या कथालेखनाचा विचार बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्यापासून सुरू करणे योग्य. जन्म नाशिकजवळच्या विहितगावचा. लहानपणीच ते मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात मावशीकडे गेले. पुढे अनेक वर्षे अंगमेहनतीच्या नोकऱ्या केल्या. रेल्वेच्या नोकरीत सुरतेला असताना खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागली, आणि त्या अनुभवातून ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ ही कथा आली. याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये निघाला. ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९ मध्ये. मराठी कथेत तोवर मध्यमवर्गीय मनाच्या सूक्ष्म हालचाली टिपण्याला प्रतिष्ठा होती. बागुलांनी झोपडपट्टी, वेश्यावस्ती, गुंड, उपाशी बाया-माणसे थेट आणली आणि भाषा मुद्दाम भडक, उसळती ठेवली. तिला नीटनेटकी करण्याचा सल्ला त्यांनी ऐकला नाही, हे मराठी कथेचे भाग्य.

त्यांची पुस्तके मराठीबाहेर कशी गेली, हे या नोंदीच्या विषयाला धरून आहे. १९९२ मध्ये अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या मराठी दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनात बागुलांची आईवरची कथा आली. पहिला संग्रह सबंध इंग्रजीत यायला मात्र २०१८ उजाडले. अनुवाद जेरी पिंटो यांचा, प्रकाशक दिल्लीचे स्पीकिंग टायगर. मूळ पुस्तकानंतर ५५ वर्षे, लेखकाच्या मृत्यूनंतर १०. इतका वेळ कथांच्या योग्यतेमुळे लागला असे म्हणायला जागा नाही. मराठीतून इंग्रजीत नेणारी माणसे मोजकी, त्यांना द्यायला पैसे नाहीत, आणि अनुवादाचे हक्क नेमके कोणाकडे आहेत हे अनेक जुन्या मराठी पुस्तकांबाबत धड सांगता येत नाही, ही खरी कारणे.

मनोहर शहाणे हे नाशिकचे दुसरे महत्त्वाचे कादंबरीकार. ‘धाकटे आकाश’, ‘पुत्र’ यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्या जाणकार वाचकांत टिकून आहेत, बाहेर कमी. पत्रकार उत्तम कांबळे यांनी नाशिकला राहून कादंबऱ्या आणि कथा लिहिल्या. २०१० च्या ठाणे साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

संमेलने आणि जनस्थान

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला १९४२ मध्ये (अध्यक्ष आचार्य अत्रे), २००५ मध्ये (केशव मेश्राम) आणि २०२१ च्या डिसेंबरात (जयंत नारळीकर) भरले. तिसऱ्या वेळी अध्यक्ष प्रकृतीच्या कारणाने येऊ शकले नाहीत. पण त्यांची निवड या विषयाच्या दृष्टीने बोलकी होती. केंब्रिजला नाव मिळवून १९७२ मध्ये परतलेल्या या शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाने नाही. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले. पहिले बक्षीस मिळाल्यावर मग खरे नाव सांगितले. परदेशातला मान घेऊन आलेल्या माणसाला मराठी परीक्षकासमोर निनावी उभे राहावेसे वाटले, यात मराठी कथेचाही मान आहेच.

कुसुमाग्रज प्रतिष्ठान टिळकवाडीत, तात्यासाहेबांच्या म्हणजे कुसुमाग्रजांच्या निवासस्थानी. प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार १९९१ पासून एक वर्षाआड, २७ फेब्रुवारीला दिला जातो. मधल्या वर्षी गोदावरी गौरव हा दुसरा पुरस्कार. पहिला जनस्थान विजय तेंडुलकरांना. नंतरच्या यादीत गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर, श्री. ना. पेंडसे, बाबूराव बागूल, भालचंद्र नेमाडे, अरुण साधू, विजया राजाध्यक्ष, मधु मंगेश कर्णिक, आशा बगे अशी कथा-कादंबरीकारांची गर्दी आहे. कवीच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने गद्याला इतकी जागा दिली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. या यादीतले नाशिक जिल्ह्यात जन्मलेले लेखक एकच, बागूल (२००७). गावाचा पुरस्कार गावापुरता ठेवला नाही, म्हणूनच त्याचे वजन राहिले.

कुसुमाग्रजांचे स्वतःचे ‘विशाखा’ १९४२ मध्ये निघाले ते वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून काढल्यामुळे. प्रस्थापित कादंबरीकाराने नव्या कवीसाठी खिशात हात घालावा, अशी उदाहरणे नंतर दुर्मीळ झाली. आता हात नव्या लेखकालाच स्वतःच्या खिशात घालावा लागतो.

पुस्तक छापून घेणे

पहिल्या पुस्तकाचे आज तीन मार्ग दिसतात. प्रकाशक स्वतःच्या पैशाने काढतो आणि साधारण दहा टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी देतो. लेखक पैसे देतो आणि प्रकाशक आपले नाव लावतो. किंवा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून छपाईला हातभार मिळतो. मंडळ १९६० चे, पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. अनुदानाचा मार्ग संथ आहे, पण तिथे हस्तलिखित कोणीतरी वाचते, आणि नव्या लेखकाला खरी गरज त्याचीच असते. दुसऱ्या मार्गात ते वाचले जाईलच असे नाही. हजार प्रतींच्या आवृत्तीचा जुना प्रघात मागणीनुसार छपाई आल्यापासून ढिला झाला. मुद्रितशोधनावरचा खर्च त्याआधीच कमी झाला होता, हे कोणतीही नवी कादंबरी उघडून पाहिले तरी कळते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात फुकट मिळतो. तो देणारी राष्ट्रीय संस्था केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखाली आहे, आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. या क्रमांकासाठी वेगळे पैसे मागणाऱ्या माणसाशी पुढचे बोलणे थांबवावे.

कराराकडे मराठी लेखक संकोचाने पाहतो. ‘आपल्यात कागद कशाला’ या वाक्याने अनेकांचे नुकसान केले आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम १९ वाचण्यासारखे आहे. हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते धरले जातात. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळे काही नसेल, तर तो परत लेखकाकडे येतो. अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट या तिन्हींचा उल्लेख स्वतंत्र असावा. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ ही ओळ खोडून घ्यावी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे १० मार्च १९९९ रोजी गेलेल्या कुसुमाग्रजांचे लेखन २०५९ अखेर संरक्षित आहे.

२०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी ई-पुस्तके आली; २०१७ मध्ये स्टोरीटेलने मराठी श्राव्य पुस्तके सुरू केली. दुसऱ्याचा परिणाम जास्त झाला. कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या गाडीत कादंबरी ऐकणारा माणूस आता नवलाचा राहिला नाही. किंडलसारख्या अमेरिकी मंचावरून मिळणाऱ्या रॉयल्टीवर तिथे कर कापला जातो. दोन देशांतील करारानुसार लेखकासाठी तो १५ टक्के आहे, पण त्यासाठी करविषयक अर्ज नीट भरावा लागतो. नाहीतर ३० टक्के जातात.

परदेश

परदेशी जाणाऱ्या भारतीय लेखकाच्या खिशातला पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला असतो. त्याच्या कादंबरीला नाशिकचा छापखाना लाभतोच असे नाही.

इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांनी सुरुवातीला लंडनचे दार ठोठावले. मुल्कराज आनंद यांची पहिली कादंबरी १९ प्रकाशकांनी नाकारली. १९३५ मध्ये ती ई. एम. फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेसह निघाली. त्याच वर्षी आर. के. नारायण यांचे पहिले पुस्तक आले. ऑक्सफर्डला असलेल्या मित्राला त्यांनी हस्तलिखित थेम्समध्ये बुडवून टाक असे कळवले होते. मित्राने ते ग्रॅहॅम ग्रीन यांना दिले. आता भारतातच इंग्रजी प्रकाशनाचा मोठा धंदा दिल्लीभोवती उभा आहे, आणि नाशिकच्या इंग्रजी लेखकाला लंडनपेक्षा दिल्लीच्या संपादकाची वाट पाहावी लागते. ब्रिटन-अमेरिकेत मोठ्या प्रकाशकांकडे जायला बहुधा साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा माणूस, लागतो. मराठीत ही जातच नाही.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी परदेशाचे दार अनुवादाचे. २०२२ मध्ये हिंदीतल्या गीतांजली श्री आणि २०२५ मध्ये कन्नडमधल्या बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. दोन्ही पुस्तके लहान ब्रिटिश प्रकाशकांनी काढली होती, आणि बक्षिसाची रक्कम लेखक-अनुवादकांत निम्मी-निम्मी वाटली जाते. मराठीतून अजून तिथवर कोणी गेलेले नाही. मराठीचा अनुवादक लेखकाच्या ओळखीने आणि स्वतःच्या हौसेने काम करतो, तोवर हे असेच चालेल.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांचे लेखन वेगळ्या वाटेने जाते. उत्तर अमेरिकेत ‘एकता’ त्रैमासिक आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचे ‘वृत्त’ यांनी अनेकांना लिहिते केले. विश्व मराठी साहित्य संमेलन २००९ मध्ये सॅन होजे येथे (अध्यक्ष गंगाधर पानतावणे), पुढच्या वर्षी दुबईला आणि २०११ मध्ये सिंगापूरला भरले. या लेखनातला मोठा भाग आठवणींचा आहे. कॉलेजरोडची संध्याकाळ, गोदेचा घाट, दारची द्राक्षबाग. तिथल्या नोकरीतले, शाळेतले, शेजारातले ताण मराठी कादंबरीत यायला हवेत तितके आलेले नाहीत. पुस्तक छापायला ही मंडळीही पुण्यालाच येतात.

उलट दिशेने जाणारा उपक्रम नाशिकचा आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ २००९ मध्ये विनायक रानडे यांनी सुरू केला. पुस्तकांची पेटी एका गटाकडे द्यायची, ठरावीक महिन्यांनी पेट्या आपसात बदलायच्या, वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, पेटीचा खर्च देणगीदाराचा. आधी शहरातल्या सोसायट्या, मग इतर जिल्हे, तुरुंग, रुग्णालये आणि पुढे दुबईपासून परदेशातली मराठी मंडळे. पेटीत कोणती पुस्तके ठेवायची हे नाशिकला ठरते, त्यामुळे परदेशी वाचकाची मराठी कादंबरीविषयीची कल्पना थोडीफार इथे घडते. नव्या लेखकांना त्या पेटीत आणखी जागा मिळावी, ही अपेक्षा गैर नाही.

मालेगाव व अहिराणी

मालेगावची उर्दू साहित्यपरंपरा मोठी आहे. तिथे लिहिणारे, छापणारे आणि विकत घेऊन वाचणारे एकाच गावात सापडतात, जे नाशिकच्या मराठीला साधलेले नाही. यंत्रमागावर काम करणारेही त्यात आहेत. मराठी वाचकाला या कथांची ओळख जवळजवळ नाही. नाशिक ते मालेगाव अंतर साधारण १०० किलोमीटर. बागलाण-मालेगावकडच्या अहिराणीत कविता आणि गाणी भरपूर, कथा त्या मानाने कमी. मराठी कादंबरीत ती संवादांपुरती येते आणि निवेदन सुरू झाले की प्रमाण मराठीला जागा देते.