गळ थंडीत गप्प का राहतो?

थंडी वाढली की गळाला मासा लागेनासा होतो आणि हौशी मंडळी काठ्या पिशवीत घालून ठेवतात. मासे मात्र कुठे गेलेले नसतात. पाणी तेच, जागाही बहुधा जवळचीच. उतरलेलं असतं ते तापमान, आणि त्याच्याबरोबर माशाची भूक.

ट्यूनासारखे मोजके अपवाद सोडले तर मासा स्वतःचं शरीर पाण्यापेक्षा गरम ठेवू शकत नाही. पाणी २० अंश सेल्सिअसवरून १० अंशांवर आलं, की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतो. पचनही त्याच प्रमाणात मंदावतं. पोटातलं आधीचंच अजून संपलेलं नाही, मग तो नव्या घासामागे धावेल कशाला? श्वास कोंडल्यामुळे मासा सुस्त होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. गार पाण्यात ऑक्सिजन उलट जास्त विरघळतो: ३० अंशांना लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम, तर शून्य अंशाजवळ १४.६ मिलिग्रॅम.

म्हणून थंडीत आमिष लहान हवं आणि ते माशाच्या तोंडाशीच जायला हवं. रील, म्हणजे दोरा गुंडाळणारं चाक, हळू फिरवा, मध्ये थांबा आणि आमिष दहा-पंधरा सेकंद तसंच राहू द्या. सर्वांत जास्त चुकतं ते इथेच: हात उन्हाळ्याच्याच सवयीने फिरत राहतो. ओढही जोरदार लागत नाही. दोरा जरा जड वाटतो किंवा आडवा सरकतो, तोच मासा. ट्राउटसारखे गार पाण्यातले मासे मात्र याच दिवसांत चांगले चपळ असतात, तेव्हा आपल्या पाण्यात कोणती जात आहे ते आधी पाहावं.

‘थंडीत खोल पाण्यात गळ टाका’ हा सल्ला सगळीकडे लागू पडत नाही. गोडं पाणी ४ अंशांच्या आसपास सर्वांत जड असतं. जिथे पृष्ठभाग त्याहून गार होतो किंवा गोठतो, तिथे तळाशी ४ अंशांचं तुलनेने उबदार पाणी साठतं आणि मासे खाली जातात. जिथे पाणी ४ अंशांच्या जवळपासही जात नाही, तिथे वरचं गार झालेलं पाणी जड होऊन खाली उतरतं आणि वरपासून खालपर्यंत सगळं ढवळून निघतं. अशा ठिकाणी दुपारी ऊन खाणारी, काळसर तळाची उथळ जागा एखाददुसऱ्या अंशाने वरचढ ठरते. दुपार ते संध्याकाळचा सुरुवातीचा वेळ तिथे घालवावा.

आपलं पाणी यांपैकी कोणतं, ते मोजूनच कळतं. नुसता तापमापक दोरीने खाली सोडला तर वर खेचताना आकडा बदलतो. त्यावर जुना उपाय आहे. अर्ध्या लिटरची, अरुंद तोंडाची काचेची बाटली घ्या, तिच्यात तापमापक ठेवा आणि खाली किलोभर लोखंडी वजन बांधा. नाहीतर रिकामी बाटली तरंगते. बूच घट्ट बसवा. हातातून खाली येणारी दोरी आधी बुचाला बांधा, मग हातभर सैल ठेवून तिचं टोक बाटलीच्या गळ्याला आवळा. दर मीटरला खूण केलेली ही दोरी अलगद सोडा. हवी ती खोली आली की हलका हिसका द्या. बूच निघतं, बुडबुडे येतात, बाटली भरते. पाच मिनिटं थांबून वर ओढा आणि लगेच आकडा वाचा. पाच-सहा मीटरपर्यंत हे जमतं. त्याखाली पाण्याचा दाब बूच आतच रेटून धरतो.

तारीख, वेळ, खोली, तापमान आणि मासा लागला की नाही, एवढं वहीत टिपा. मासा न लागलेले दिवस टिपले नाहीत तर तुलनाच उरत नाही.

खोलातून काढलेला मासा सोडून द्यायचा असेल तर जरा विचार करा. १० मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, त्यामुळे वर येताना माशाच्या वाताशयातला (तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या पिशवीतला) वायू दुप्पट फुगू शकतो आणि मासा परत बुडी मारू शकत नाही. मासा सोडायचाच असेल तर खोलात गळ टाकू नये, हेच उत्तम. हवा शून्याखाली असेल तर मासा पाण्याबाहेर काढूच नका. ओले, नाजूक कल्ले क्षणात गोठतात.

बाहेर जाणं नकोच वाटलं तर घरात करण्यासारखंही बरंच आहे, आणि सुरुवात दोऱ्यापासून करावी. नायलॉनचा तंगूस पाणी शोषतो, उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होतो आणि गारठ्यात ताठ होऊन रिळावरची वेटोळी सोडत नाही. ओढून पाहिल्यावर वेटोळी सरळ होत नसतील किंवा बोटाला खरखर लागत असेल, तर तो बदला. नवा भरताना ओल्या फडक्यातून ताणून घ्या आणि रिळाच्या कडेपासून २ मिलिमीटर खाली थांबा. जास्त भरला तर सैल वेढे एकदम सुटून गुंता होतो, कमी भरला तर फेक आखूड पडते.

गाठींची परीक्षा घ्यायला एक ताणकाटा, म्हणजे ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा, पुरे. एकाच तंगुसाचे दहा तुकडे घ्या आणि प्रत्येकाच्या टोकाला गळाऐवजी कडी बांधा: पाच गाठी कोरड्या आवळा, पाच थुंकीने ओल्या करून. दुसरं टोक गाठ न मारता गुळगुळीत दांड्याला सात-आठ वेढे देऊन धरा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि तुटेपर्यंत ओढत आकडे लिहा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने तंगूस दुखावतो आणि बहुधा तिथेच तुटतो. नंतर काही तुकडे दोन तास पाण्यात भिजवून तीच चाचणी करा. पाणी प्यायलेलं नायलॉन किती ताकद गमावतं ते समोर येईल.

रिळात दातेरी चाकांना ग्रीस आणि बेअरिंगला तेलाचा एखादाच थेंब पुरतो. उलटं फिरणं रोखणाऱ्या रोलर बेअरिंगला ग्रीस अजिबात लावू नका. गारठ्यात ते घट्ट होतं, रोलर अडकतात आणि मासा लागल्यावर नेमकी मूठ उलटी फिरते. ठेवून देताना ड्रॅग (दोरा किती ओढीला सुटावा ते ठरवणारा ब्रेक) सैल करा, म्हणजे आतल्या चकत्या दबून चपट्या होत नाहीत. खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याच्या मंद धारेने धुवा; जोराची धार मीठ आणखी आत ढकलते. काठीच्या कड्यांतून कापूस फिरवून पाहा. जिथे धागा अडकेल तिथे चीर आहे, आणि तीच नवा दोरा कापत राहते. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवा: रुतलं तर ठीक, घसरलं तर बारीक कानशीने एकाच दिशेने दोन-तीनदा घासा. मऊ प्लास्टिकची आमिषं मात्र त्यांच्या मूळ पाकिटातच राहू द्या. इतर प्लास्टिकला चिकटून राहिली तर त्यांच्यातलं मऊ करणारं द्रव्य झिरपतं आणि हंगाम सुरू होईपर्यंत डबा, रंग, आमिष यांचा एकच चिकट गोळा झालेला असतो.