दारू चढलेला गिऱ्हाईक आणि आमचा गार्ड
(किनाऱ्यावरील रिसॉर्ट, लॉज, बार आणि हॉलमालकांसाठी)

"त्याला उचलून बाहेर टाक," असं गार्डला सांगण्याआधी हे वाचा.

गार्ड पोलीस नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्यानुसार पोलिसासारखा दिसणारा गणवेश घालणंही गुन्हा आहे. त्याच्याकडे दोनच अधिकार असतात: जागेचे मालक म्हणून तुमचा, आणि कुठल्याही नागरिकाला असतो तो.

म्हणून पहिला शब्द मॅनेजरचा हवा. दारू देणं थांबवा, बिल पुढे करा, शक्यतो सोबत आलेल्या शुद्धीवरच्या माणसाला मध्ये घ्या आणि साक्षीदारासमोर स्पष्ट सांगा, "आता निघा." त्यानंतरही तो दमदाटी करत बसला तर फौजदारी अतिक्रमणाचा (धमकावण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या जागेत बेकायदा थांबण्याचा) मुद्दा येतो. तो अंगावर आला किंवा मोडतोड करू लागला तर गार्ड अडवू शकतो, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे बचावाला लागेल तेवढंच बळ वापरून. माणूस खाली बसला की हात थांबलाच पाहिजे. त्यानंतर मारलेली थप्पड बचावात बसत नाही, ती मारहाण ठरते.

बिल थकलं म्हणून खोलीत कोंडणं हा कलम १२७ चा गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोबाईल, आधार कार्ड काढून घेणंही नाही. नाव, गाडी नंबर लिहा, तक्रार द्या.

नागरिकाने कुणाला पकडायचं तर (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०) गुन्हा त्याच्या समोर घडलेला, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्रही (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा, उदाहरणार्थ विनयभंग. पकडलेल्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांकडे सोपवायचं. नुसता नशेतला धिंगाणा (न्याय संहिता, कलम ३५५) यात बसत नाही, तिथे ११२ वर पोलिसांना फोन.

फाटकापलीकडची पुळण तुमच्या हद्दीत नाही. रात्री कुणी झिंगून लाटांकडे निघाला तर गार्ड हाक मारेल, शिट्टी वाजवेल, सोबत्यांना उठवेल, ११२ लावेल. एकट्याने पाण्यात उतरणार नाही.

आणि प्रत्येक झिंगलेला दारूनेच झिंगलेला नसतो. साखर उतरलेला मधुमेही किंवा डोक्याला मार लागलेला माणूसही तसाच बरळतो. हलवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड पडत असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. गाडी येईपर्यंत कुशीवर ठेवा, कॉफी पाजू नका, "झोपू दे" म्हणून खोलीत एकटा सोडू नका.

प्रत्येक पाळीच्या तक्त्यावर "निघा" सांगणाऱ्या मॅनेजरचं नाव लिहा. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच रात्री उतरवून घ्या. यंत्रात जुन्यावर नवं चढत जातं.