ऑक्सिजन ९८ आहे, पण श्वास मोजला का?

कोविडनंतर घराघरात ऑक्सिमीटर आला आणि एक समज पक्का होऊन बसला, की बोटावर ९८ दिसलं म्हणजे पेशंटला काही धोका नाही. वॉर्डात पण नातेवाईक त्याच आकड्याकडे बघत बसतात. तब्येत ढासळायला लागली की पुष्कळदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासाचा वेग, आणि नेमका तोच मोजायचा कंटाळा केला जातो. पेशंट कुठलाही असो, चार्टवर सरसकट श्वास मिनिटाला २०.

श्वासच आधी का वाढतो, तर हा भाग मला फार आवडतो. समजा ऑपरेशननंतर इन्फेक्शन रक्तात पसरायला लागलं. पेशींचं नेहमीचं गणित बिघडतं, रक्तात लॅक्टेट साठतं आणि आम्ल वाढतं. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ एवढ्याशा पट्ट्यात ठेवायलाच लागतो, म्हणून रक्तातलंच बायकार्बोनेट ते आम्ल पकडतं, त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो झटपट बाहेर टाकायचा रस्ता एकच, फुप्फुसं. मानेतल्या मोठ्या धमनीपाशी तांदळाच्या दाण्याएवढा कॅरोटिड बॉडी नावाचा अवयव असतो, त्याला हा बदल लगेच कळतो, तो मेंदूतल्या श्वासकेंद्राला कळवतो आणि श्वास १६ चा २६ होतो. पेशंट तोवर गप्पा मारत असतो.

मग ऑक्सिमीटरला का कळत नाही? कारण या वेळी फुप्फुसं ऑक्सिजन नीट घेत असतात, बिघाड दुसरीकडे असतो. आणि फुप्फुसातच बिघाड असला तरी रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा आलेख सरळ रेषेत उतरत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० मिलिमीटरवर आला तरी सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा तो आकडा, ९० च्या आसपास टिकतं, त्याखाली मात्र धाडकन घसरतं. आणि ऑक्सिजनचा मास्क लावला असेल तर आकडा आणखीच चांगला दिसणार.

म्हणून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये 'न्यूज' (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे धोक्याची आगाऊ सूचना देणारा) स्कोअर काढला, २०१७ मध्ये सुधारला. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध (भान) आणि ताप, प्रत्येकाला मार्क, बिघाड जास्त तितके मार्क जास्त. आता हा पेशंट बघा: सॅच्युरेशन ९७, पूर्ण शुद्धीत, ऑक्सिजन लावलेला नाही, त्याचे शून्य. श्वास २६ चे ३, नाडी ११२ चे २, बीपी १०८ चा १, ताप ३८.४ सेल्सिअस त्याचा १. एकेक आकडा बघितला तर सहसा कोणी घाबरत नाही, पण बेरीज झाली ७, आणि ७ म्हणजे इमर्जन्सी, तातडीनं आयसीयूच्या जाणकार टीमला बोलवायचं.

"रात्री अचानक गेले, अमावास्या होती, वेळ भरली होती" असं आपल्याकडे सहज म्हणतात. मायामीच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटचे कागद तपासले होते, १९९० मध्ये छापून आलं, ८४ टक्के लोकांची तब्येत आधीच्या आठ तासांत बिघडत चालल्याच्या नोंदी होत्या. यात अमावास्येचा काय संबंध? आता एआय आधीच सांगेल म्हणून गाजावाजा चाललाय, पण त्या एआयला खाऊ घालायचा आकडा तोच, न मोजता लिहिलेला २०.

स्कोअर काढून कोणी आलंच नाही तर काय उपयोग! सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये १९९० पासून अशी धावत येणारी टीम आहे, आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल'खाली कित्येक हॉस्पिटलांत नातेवाईकसुद्धा दुसऱ्या टीमला थेट बोलावू शकतात. आपल्याकडे तशी सोय असो-नसो, छाती वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट मोजा, पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा २५ किंवा जास्त भरला तर सिस्टरना "बरं वाटत नाहीये" म्हणू नका, सरळ आकडा सांगा आणि डॉक्टर कधी येतायत ते विचारा.