थंड हवेत आवाज फास्ट जातो? अहो, उलट आहे!

आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात डिसेंबर आला की रात्री अकराला स्टेशनवरची गाडीची शिट्टी अशी ऐकू येते की जणू गाडी गल्लीतच शिरलीये, आणि मग काकांचं ठरलेलं वाक्य, "थंड हवेत आवाज जोरात पळतो रे." लहानपणापासून ऐकतोय, शाळेत पेपरात पण लिहून आलो होतो, मार्क गेले ते वेगळंच.

खरं म्हणजे थंड हवेत आवाज हळू जातो. 0 डिग्रीला सेकंदाला साधारण 331 मीटर, ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या 40 डिग्रीत जवळपास 355.

मग शिट्टी लांबून का येते? रात्री जमीन पटकन गार होते, तिला चिकटलेली हवा पण गार, आणि वरची त्यामानाने गरम राहते, म्हणजे आवाजाच्या लाटेचा वरचा भाग पुढे पळतो नि खालचा मागे रेंगाळतो, त्यामुळे अख्खी लाट खाली वाकते, वर जाऊन वाया जाणारा आवाज परत आपल्या खिडकीशी. दुपारी तापलेल्या जमिनीवर याच्या उलट, आवाज वर उडून जातो. रात्री ट्रॅफिक नसतं हे पण आहेच, नाही म्हणत नाही.

उन्हाळ्यात हायवेवर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं ना? तिथे प्रकाश तसाच वर वाकतो, डांबराजवळच्या गरम विरळ हवेत तो किंचित फास्ट जातो म्हणून, आणि आपल्याला रस्त्यावर आभाळ दिसतं.

काकांना सांगितलं. म्हणाले, "पण शिट्टी येते ना ऐकू?"