मुंबईकरांच्या मे महिन्याला डोंगर कसा मिळाला

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला मुक्काम हलवायचा, पावसाळा पुण्यात काढायचा आणि थंडीच्या सुमारास मुंबईत परतायचा. दप्तरांचे पेटारे, कारकून, शिपाई, खानसामे असा सगळा लवाजमा त्याच्यामागे घाट चढायचा. परीक्षा संपल्या की आज मुंबईतले आईबाप मुलांना माथेरानला न्यावं की गडाखालच्या एखाद्या शिबिराला घालावं, याचा विचार करतात. त्याचं एक मूळ या सरकारी स्थलांतरात आहे. दुसरं मूळ मात्र त्याहून फार जुनं आहे, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

आधी सरकारी बाजू. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला. चारेक वर्षांत गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे थंड हवेचं ठाणं वसवायचं ठरवलं, आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून जागा घेतली. बाजारपेठेला नाव पडलं माल्कमपेठ. कृष्णेच्या उगमाचं क्षेत्र महाबळेश्वर तिथून जवळच, आणि तिथे यात्रेकरूंचा राबता शतकानुशतकांचा. साहेबाच्या लेखी ठिकाण ‘सापडलं’ ते १८२४ मध्ये.

मुंबईहून वर जायचं तर मधे सह्याद्रीची भिंत. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याच घाटातून १८६३ मध्ये रेल्वे वर चढली. पंचवीस बोगद्यांच्या त्या कामात हजारो मजूर अपघातांनी आणि रोगराईनं मेले. पुण्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली की मुलं बोगदे मोजतात, तेव्हा एवढं त्यांना सांगायला हवं. रेल्वे आली आणि खंडाळा-लोणावळ्याला पारशी, गुजराती, बोहरी शेटजींचे बंगले, आरोग्यधाम उभे राहिले. हवापालट करणं हा तेव्हा वैद्यकीय सल्लाही होता. क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा डॉक्टर डोंगराची हवा लिहून देत. पाचगणीची जुनी ख्याती त्यातूनच झाली.

मुंबईच्या मनात खरं घर केलं ते मात्र माथेराननं. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाहून हा डोंगर चढून आला. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे बंगला बांधला आणि मुंबईच्या धनिकांची रीघ लागली. डोंगरावरच्या रानात धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होते. नंतरच्या सगळ्या हौसेचा भार त्यांच्यासारख्या गरिबांच्याच खांद्यावर आला: डोली उचलणं, घोडे हाकणं, पाणी भरणं, सामान वाहणं.

नेरळला लोकलमधून उतरलं की शेजारीच खेळण्यातल्यासारखा रूळ दिसतो, जेमतेम दोन फूट रुंद. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बडे उद्योजक. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी घरच्या पैशातून, सुमारे १६ लाख रुपये खर्चून, १९०४ ते १९०७ या काळात ही रेल्वे बांधली. २२ मार्च १९०७ रोजी ती सुरू झाली. वीसेक किलोमीटरच्या वाटेत बोगदा एकच, पण वळणांना गणती नाही. डोंगर पोखरण्यापेक्षा त्याच्या अंगाअंगानं वळसे घेत वर जायचं, ही या बांधणीची युक्ती. काही वळणं इतकी आवळलेली की मागच्या डब्यातल्याला इंजिनाची पूर्ण बाजू दिसते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानकं पाठ असलेल्या पिढ्या दादर-गिरगावात वाढल्या. २६ जुलै २००५ च्या पावसानं रूळ वाहून गेले, गाडी परत धावायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसानं पुन्हा तोच घाव घातला, तेव्हा संपूर्ण मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला. शंभरी ओलांडलेली ही गाडी युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. दर पावसाळ्यानंतर ती उभी राहते ती रेल्वेच्या गँगमननी हातानं दगड-माती उपसल्यामुळे.

माथेरानला गेलेल्या मुलांना पॅनोरमा, लुईझा, एको अशी पॉइंटांची नावं तोंडपाठ होतात. त्यात भाई कोतवालांचं नाव यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म याच गावात, १ डिसेंबर १९१२ चा. घर न्हाव्याचं, परिस्थिती बेताची. शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आसपासच्या आदिवासी आणि शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा आणि धान्यकोठ्या सुरू केल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्यानं, म्हणजे भूमिगत क्रांतिकारकांच्या तुकडीनं, मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडला जमतात. ज्या डोंगरावर साहेब विश्रांतीला येई, त्याच डोंगरानं असा माणूस दिला.

मराठी मध्यमवर्गाला बंगला परवडणारा नव्हता. गिरणी कामगार आणि चाकरमानी मे महिन्यात बोचकी बांधून गावी जायचे, तीच त्यांची सुट्टी. डोंगर त्यांच्या मुलांपर्यंत आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि आला गडांच्या वाटेनं. १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. मग उपनगरांतून, कॉलेजांतून, बँका-कारखान्यांच्या कर्मचारी मंडळांतून गिरिभ्रमणाचे गट उभे राहिले. शनिवारी रात्रीची शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल, फलाटावर पथारी, पहाटे चढाई, गावात कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी. पैसा फारसा लागत नसे. १९९८ मध्ये हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. महाराष्ट्रातले ते पहिले. त्याचा पाया सह्याद्रीतल्या अशाच रविवारांनी घातला होता. आजच्या उन्हाळी शिबिरातलं प्रस्तरारोहण, रॅपलिंग, दोरीवरचे खेळ हे सगळं या मंडळींकडून खाली झिरपत आलं.

आता ते जुनं मूळ. कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून राजमाचीची वाट धरा. तासाभराच्या आत कोंढाणे लेणी लागतात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्याच्या दर्शनी भागावर लाकडी घरातल्यासारखे सज्जे आणि जाळ्या दगडात कोरल्या आहेत. मधल्या कमानीखाली उभं राहिलं की भर उन्हातही गार वाटतं. तिथून वर चढलं की उधेवाडी, आणि डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले. लेणी आणि किल्ला एकाच वाटेवर, कारण कोकणातल्या बंदरांतून घाटमाथ्यावर जाणारा माल बोरघाटाच्या या परिसरातून चढायचा. नाणेघाटात तर सातवाहनांची नागनिका राणी शिलालेखातून बोलते, आणि माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरा सांगते. शिबिरातली पोरं जी चढण चढताना घामाघूम होतात, ती कल्याण-सोपाऱ्याहून निघालेल्या बैलांच्या तांड्यांनी मळलेली आहे. मुंबई वसायच्या कितीतरी आधी.

ही सुट्टी ज्यांच्या जिवावर चालते त्यांचं काय, हा प्रश्न आत्ताच कुठे ऐरणीवर येतो आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं. मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. ते चांगलंच झालं, पण तिथून पुढे तांबड्या मातीच्या चढावर माणसानं माणसाला ओढायचं, हे शंभर वर्षांहून जास्त चालू राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. माथेरानसमोरच्या इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली इर्शाळवाडी ही ठाकरवस्ती १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. मुंबईच्या कितीतरी ट्रेकर्सनी त्या वाडीत पाणी प्यायलं होतं, वाटाड्या घेतला होता. अशा वाड्यांच्या सुरक्षित पुनर्वसनाचा आग्रह डोंगरावर प्रेम करणाऱ्यांनी धरायलाच हवा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात लोहगड आहे, मळवली स्थानकाहून चालत जाता येईल असा. अलिबागजवळच्या समुद्रातला खांदेरी आहे. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, साल्हेर आहेत. नामांकनामुळे गर्दी वाढणार हे उघड आहे. गडांवरची कातळात खोदलेली टाकी मे महिन्यात तळाला जातात, म्हणून गाळ उपसायला दुर्गसंवर्धन करणाऱ्या तरुणांच्या मोहिमा याच सुट्टीत निघतात. पहाटे काम सुरू करतात, दहा-साडेदहाला ऊन चढलं की थांबतात, आणि सोबत आलेल्या शाळकरी मुलांना घमेल्यांच्या रांगेत उभं करतात.